झाकली मूठ

मराठी माणसानं आपली सगळी इभ्रत मनगटात ठेवलेली आहे. बुद्धी डोक्यात असते, दया काळजात असते, राग नाकाच्या शेंड्यावर असतो. पण कर्तृत्व म्हटलं की ते मनगटात. मनगटाच्या जोरावर राज्यं मिळतात, मनगटात रग असलेले जावई पसंत पडतात (हल्ली त्या रगेबरोबर दोन बेडरूमचा फ्लॅटही लागतो, ते सोडा), आणि ज्याच्या मनगटात काहीच नाही त्याला लोक बांगड्या भरायला सांगतात. म्हणजे त्या बांगड्याही पुन्हा मनगटातच! अशा भाषेत जन्मलेल्या माणसाचं नेमकं मनगटच दुखायला लागलं, तर त्यानं सांगावं कुणाला? गुडघा दुखतो असं चारचौघांत सांगता येतं. कंबर धरणं हे तर आमच्या बँकेत सीनिऑरिटीचं लक्षण समजतात. पण मनगट? छे!

माझं दुखलं. उजवं. करंगळीच्या बाजूला. आणि ते दुखतं आहे हे मी किती दिवस, कुणाकुणापासून आणि कसकसं लपवलं, याचा हा हिशेब आहे. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मला दुसरं काही लिहिता येत नाही.

मी बँकेत क्लार्क आहे आणि रविवारी कातळ चढतो. या वाक्यात ‘आणि’च्या जागी ‘तरीसुद्धा’ हवं, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ज्या वयात माणसं सोसायटीच्या कमिटीवर जातात, त्या वयात मी मुंब्र्याच्या डोंगरावर गेलो. दोष मास्तरांचा. मास्तर म्हणजे महापालिकेच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. डोंबिवलीहून स्लो लोकलनं ठाण्याकडे निघालं की मुंब्र्याचे ते काळे कडे दिसतात. मला कधी दिसले नव्हते, कारण गाडीत आपण ज्या दिशेला कोंबले जातो त्याच दिशेला बघतो. मास्तर म्हणाले, ‘एकदा समोरून बघा.’ बघितलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर ओतत गेलेले, एकावर एक रचलेल्या जुन्या लेजरांसारखे. बँकेच्या माणसाला लेजरांचा ढीग दिसला की एकतर पळावंसं वाटतं, नाहीतर त्यावर चढावंसं वाटतं. मी चढलो. पहिल्या दिवशी सात फूट. त्यातले चार फूट मास्तरांनी खालून ढकललं.

त्या वेळी लोक मला वेडा म्हणत. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला, तेव्हापासून हौशी वेडा म्हणतात.

या खेळात दोघं लागतात. एक वर चढतो, दुसरा खाली उभा राहून त्याचा दोर सांभाळतो. याला या मंडळींच्या भाषेत ‘बिले देणं’ म्हणतात. पहिल्या दिवशी मास्तर मला म्हणाले, ‘आता तुम्ही मला बिले द्या,’ तेव्हा मी खिसा चाचपून म्हणालो, ‘महिनाअखेर आहे हो, एक तारखेला दिली तर चालतील का?’ पुढं कळलं, की यात महिनाअखेर नसते. वरच्याचा दोर आपल्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका छोट्याशा धातूच्या साधनातून वळून आपल्या उजव्या हातात येतो. वरचा घसरला की उजव्या हातानं दोर घट्ट खाली धरायचा. बाकीचं काम घर्षण करतं. नियम एकच: तो हात दोरावरून काढायचा नाही. नाक खाजलं तरी नाही. बँकेत तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते आणि दोन किल्ल्या दोघांकडे असतात, तसलाच हा कारभार. फक्त आमच्याकडच्या जॉइंट खात्याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ अशी सोय असते. दोरावरच्या खात्याला ती लावून चालत नाही.

तर बेलापूरला एका धोंड्याशी झोंबत होतो. मोठा कडा नव्हे, माणसापेक्षा थोडा उंच दगड; पण असे दगडच माणसाची खरी परीक्षा घेतात. एका कपारीत तळहात वर करून, खालून वर ओढायची पकड होती. ओढलं, अंग वळवलं, आणि मनगटात ‘टक्’ असा आवाज झाला. मी चटकन इकडंतिकडं पाहिलं. हे लक्षात घ्या. माझ्या मनात आलेला पहिला विचार ‘काय झालं?’ हा नव्हता. ‘कुणी ऐकलं तर नाही?’ हा होता.

बँकेत ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती ‘सस्पेन्स अकाउंट’ला टाकतात. मी ते दुखणं तिथं टाकलं. उद्या बघू. उद्या-उद्या करता तीन महिने झाले. कर्जदारानं नव्वद दिवसांच्या वर थकवलं की आमच्याकडे ते खातं बुडीत व्हायच्या वाटेवरचं धरतात, एनपीए म्हणतात. माझ्या मनगटाचे नव्वद दिवस होऊन गेले. तेव्हा मी शनिवारी रात्री एक वेदनाशामक गोळी घेऊन रविवारी चढायला लागलो. हाही प्रकार आमच्या धंद्यात आहे. जुनं कर्ज फिटलेलं दिसावं म्हणून त्याच माणसाला नवं कर्ज द्यायचं! वहीत सगळं हिरवंगार. असं करणाऱ्या मॅनेजर लोकांना मी कॅन्टीनमध्ये बसून किती नावं ठेवली असतील, त्याची गणती नाही.

या दुखण्याचा स्वभाव मोठा खोचक होता. कातळाला लटकताना ते गप्प बसे आणि तांब्या कलता करताना बोंब मारी. दाराची मूठ फिरवताना, ड्रॉवरला किल्ली लावताना, ओलं फडकं पिळताना, खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठताना. काउंटरवर शिक्का मारताना तर अशी कळ जाई की मी शिक्का हलक्या हातानं टेकवायला लागलो. शिक्के फिकट उठू लागले. हेड कॅशियर म्हणाले, ‘काय हो, शाई वाचवताय का?’ मी हसलो. हसणं हे लपवण्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. विनोदी लिहिणाऱ्यांना ते होलसेल दरात मिळतं.

तुम्ही म्हणाल, शरीराचं ऐकावं माणसानं. हे मला सगळ्यांनी सांगितलं आहे, विशेषतः ज्यांचं शरीर कधी काही बोलत नाही अशांनी. पण ऐकायचं म्हणजे कुठलं कुठलं? माझं शरीर फार बडबडं आहे. सोमवारी सकाळी ते म्हणतं, आज बँकेत जाऊ नकोस. जेवणावर ते म्हणतं, अजून एक पुरणपोळी घे. कड्यावर दहा फूट गेलं की ते दोन्ही पायांनी थरथरत म्हणतं, मेलास! यांपैकी एकाचंही मी ऐकत नाही (पुरणपोळीचा अपवाद), आणि न ऐकल्यामुळेच नोकरी टिकली आणि कडाही चढून झाला. या खेळात बोटांची सालटी निघतात, पोटऱ्या पेटतात, दंड भरून येतात. दुखलं की थांबायचं असा नियम केला तर जगात एकही माणूस दहा फुटांच्या वर जाणार नाही. कुठलं दुखणं ‘चल, अजून थोडं’ असं म्हणतं आणि कुठलं ‘आता पुरे’ असं म्हणतं, हे ओळखायचं कसं? दोघांचा आवाज सारखाच.

आणि समजा ओळखता आलं, तरी मनगट माझं आहे ना? माझ्या मालकीच्या वस्तूचं मी वाटोळं केलं तर दुसऱ्याचं काय जातं? २०१७ साली ॲलेक्स होनोल्ड नावाचा अमेरिकन तरुण योसेमिटीमधला एल कॅपिटन हा कडा, सुमारे तीन हजार फूट, दोराशिवाय एकटा चढून गेला. मी घोकत असे, की बघा, त्यानं कुणाला विचारलं? माणूस आपल्या हाडांचा राजा आहे. हे तत्त्वज्ञान मला फार पटलं होतं. लपवणाऱ्या माणसाला कुठलंही तत्त्वज्ञान पटकन पटतं.

जोडीला मास्तरांच्या कपाटातला एपिक्टेटस होता. हा रोममधला गुलाम, पुढं तत्त्वज्ञ झालेला, एका पायानं लंगडा. त्याची गोष्ट अशी सांगतात, की मालक त्याचा पाय पिरगाळत होता तेव्हा तो शांतपणे म्हणाला, मोडेल हं. मोडल्यावर म्हणाला, सांगितलं होतं ना? (काही जण म्हणतात, तो संधिवातानं लंगडा झाला. पण संधिवाताला स्फूर्तिदायक म्हणून कोण विचारतो?) मी स्वतःला एपिक्टेटस समजून शिक्के मारत राहिलो.

मग जानेवारीतला तो रविवार आला.

मुंब्र्याला होतो. मास्तरांची मुलगी चढत होती. वय एकोणीस, बी.एस्सी.ला आहे, मला काका म्हणते. पायात लहान फ्रॉकातल्या दिवसांपासूनचं वारं. मास्तरांनी तिची गाठ तपासली, मी बिले देत होतो. पाचव्या बोल्टच्या वर गेली, हात लांबवला, होल्ड हाताला लागता लागता सुटला आणि ती पडली. यात विशेष काही नाही. या खेळात माणसं पडतातच. दोर त्यासाठीच असतो. झटका आला, माझा उजवा हात खाली गेला, मनगट वळलं, आणि करंगळीच्या मुळाशी कुणीतरी सुई खुपसल्यासारखं झालं. मूठ उघडली.

पूर्ण नाही. क्षणभर. पण दोर तळहातातून सरसर गेला. डावा हात कसा आला ते मला आठवत नाही, पण तो आला आणि दोन्ही हातांनी मी दोर आवळला. ती थांबली. तिच्या पावलांखाली वीतभर अंतरावर खडकाची धार बाहेर आलेली होती.

वरून ती ओरडली, ‘काका, काय मस्त सॉफ्ट कॅच दिलात!’

याचा अर्थ सांगायला हवा. पडणाऱ्याला फाडकन न थांबवता थोडं अलगद, दोराला किंचित जाऊ देऊन झेलणं ही चांगल्या बिले देणाऱ्याची कला समजतात. ती कला मला आजवर कधी साधली नव्हती. माझ्या आयुष्यातला पहिला सॉफ्ट कॅच हा असा.

मी म्हणालो, ‘थँक यू.’

खाली आल्यावर स्टेशनजवळ चहा घेतला. मी ग्लास डाव्या हातात धरला. उजव्या तळहातावर दोराचा लाल पट्टा उठला होता. मूठ झाकून बसलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडे म्हणतात. हा सव्वा लाख कुणाच्या खात्यातून डेबिट होतो, हे म्हण सांगत नाही.

रात्री झोप लागली नाही. माझ्या कॅशमध्ये एकदा पाचशे रुपये कमी आले होते. मी त्याच मिनिटाला हेड कॅशियरना सांगितलं, त्याच संध्याकाळी खिशातून भरले आणि ‘प्रामाणिक माणूस’ म्हणून दोन महिने ताठ मानेनं वावरलो. पाचशे रुपयांसाठी! आणि इथं मास्तरांची पोर वीतभर अंतरावर राहिली, तर मी चहा पिऊन, पंचवीस रुपये देऊन घरी आलो. माझ्या हाडांचा राजा मी असेन. पण राजाच्या हातात दोर होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला प्रजा लोंबत होती. त्या अमेरिकन पोराच्या कमरेला दोरच नव्हता. त्याला फसवायचं झालं तर स्वतःलाच फसवावं लागलं असतं. (त्याच्या आईचं काय, हा प्रश्न मी त्या रात्री बाजूला ठेवला. एका रात्रीत किती आया घेणार?) आणि त्या एपिक्टेटसचंही मला पहाटे तीन वाजता नीट कळलं. सोसलं त्यानं, खरं. पण तो मोडायच्या आधी बोलला होता! ‘मोडेल हं’ म्हणून चक्क नोटीस दिली होती. मी सोसणं तेवढं उचललं आणि नोटीस गाळली.

सकाळी हिला सांगितलं. ही पोळ्या लाटत होती. सगळं ऐकून घेतलं, लाटणं थांबलं नाही, आणि म्हणाली, ‘माझं चार वर्षं दुखतंय.’

‘काय?’

‘मनगट. अंगठ्याकडून. धाकटी अंगावर होती तेव्हापासून. तिला उचलताना लागायचं.’

‘मग बोलली नाहीस?’

‘कुणाला बोलायचं? तुम्ही रविवारी घरी असता का?’

मी गप्प बसलो. माझं दुखणं म्हणजे साहसाची जखम, त्यावर मी एपिक्टेटस लावतो. हिचं दुखणं म्हणजे कणीक. एकाच घरात दोन मनगटं शेजारीशेजारी खोटं बोलत होती, आणि एकाला तर आपण खोटं बोलतो हेही ठाऊक नव्हतं. बांगड्या भरायला सांगणाऱ्या लोकांनी कधी चौदा पोळ्यांची कणीक मळून बघितली नसावी.

डॉक्टरकडे दोघं गेलो. त्यांनी हिला अंगठा आत घेऊन मूठ मिटायला सांगितली आणि ती मूठ करंगळीकडे वाकवली. ही किंचाळली. झाकल्या मुठीची किंमत डॉक्टरांनी अशी दोन सेकंदांत काढली. या दुखण्याला डी क्वेरवेन या स्विस सर्जनचं नाव आहे. १८९५ साली त्यानं ते नोंदवलं. तान्ह्या बाळांच्या आयांना होतं, असं डॉक्टर म्हणाले. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे पुस्तकात छापलेलं आहे आणि आमच्या स्वयंपाकघरात बातमी यायला चार वर्षं लागली.

मग माझी पाळी. त्यांनी एक वजनाचा काटा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, तळहात टेकवून दाबा. डाव्या हातानं काटा बत्तीस किलोपर्यंत गेला. उजव्या हातानं अकराला थांबला. मी आयुष्यभर दुसऱ्यांची शिल्लक सांगत आलो. स्वतःची अशी कुणी तोंडावर सांगितली नव्हती. मनगटात करंगळीच्या बाजूला एक त्रिकोणी कूर्चा असते, भोवती अस्थिबंध असतात. मनगट पिळवटून भार दिला की ते दुखावतात. एक्स-रेत हाडं दिसतात, कूर्चा दिसत नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी खूश होऊ नका, म्हणाले. ‘भरायला वेळ का लागतो?’ मी विचारलं. त्यांनी सांगितलं, की त्या कूर्चेच्या कडेला रक्त पोचतं, मधल्या भागाला जवळजवळ नाहीच. मला लगेच समजलं. शाखा उघडली आहे, पण कॅश येत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार लागली. आमच्यासारखे उशिरा सुरू करणारे लोक जोरात सराव करतात. स्नायू काही महिन्यांत तयार होतात, पण स्नायुबंध आणि अस्थिबंध मागं राहतात. त्यांना कितीतरी जास्त काळ लागतो. म्हणजे माणूस ज्या दिवशी स्वतःला बलवान समजायला लागतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याचे सांधे कच्चे असतात. बोटांत तर म्हणे स्नायूच नसतात. सगळा जोर कोपराखालच्या हातातून दोऱ्यांनी ओढलेला. कठपुतळी! इतकी वर्षं मी बोटांच्या ताकदीच्या गप्पा मारत होतो.

दोघांनाही पट्टे मिळाले. मला सहा आठवडे चढायची बंदी, मग हळूहळू व्यायाम.

आता मास्तर. तिसरा मजला चढायला मला मुंब्र्याच्या कुठल्याही कड्यापेक्षा जास्त वेळ लागला. सांगितलं. सगळं, टक् पासून थँक यूपर्यंत. पोरगी तिथंच पुस्तक घेऊन बसली होती. मास्तर काही बोलले नाहीत. उठले, आत गेले. मला वाटलं, काठी आणायला गेले. त्यांनी फाइल आणली.

‘मोतीबिंदू आहे,’ ते म्हणाले. ‘दोन्ही डोळ्यांत. दिवाळीपासून ठाऊक आहे. गाठ मी बोटांनी चाचपून बघतो.’

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पोरीनं पुस्तक मिटलं.

‘म्हणजे,’ ती म्हणाली, ‘गाठ बघणाऱ्याला दिसत नव्हतं, दोर धरणाऱ्याला धरवत नव्हतं, आणि मी वरून सॉफ्ट कॅच म्हणून ओरडत होते.’ ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. पुढचे तीन रविवार ती आमच्याबरोबर आली नाही. दुसऱ्या ग्रुपबरोबर गेली. जिन्यात भेटली तर ‘काका’ म्हणे, पण पूर्वीचं नव्हे. त्याबद्दल मला तक्रार करता येत नाही.

मास्तरांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचंय. ऑपरेशननंतर त्यांनी आपली जुनी चित्रं पाहिली आणि म्हणाले, ‘अरेच्चा, मी गेलं वर्षभर सगळं आभाळ पिवळं काढतोय!’ काटा आता चोवीस किलोपर्यंत जातो. बँकेत सकाळी कामाला बसण्याआधी खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते रजिस्टरला लिहावं लागतं, म्हणजे संध्याकाळी घोळ नको. तसं आता आम्ही मुंब्र्याला दोर सोडण्याआधी करतो. प्रत्येकानं सांगायचं: मनगट, डोळे, झोप, गोळी. ही पद्धत पोरीनंच घातली, ती परत आली त्या दिवशी. ती आमच्यासाठी परत आली, की कड्यासाठी, ते मी विचारलं नाही. परवा तिची पाळी आली तर म्हणाली, ‘दुखत काही नाही. पण आज भीती वाटतेय.’ तिघांनी दोर गुंडाळला आणि वडापाव खाऊन दहाच्या लोकलनं परत आलो.

लवकर आलो म्हणून ही चकित झाली. ओट्याशी उभी होती. पट्टा खुंटीला लटकत होता, हातात नव्हता.

‘तुझं कसं आहे?’ मी विचारलं.

‘बरंय.’

‘अंगठा आत घे. मूठ मिट बघू.’

‘आधी तो कुकर उतरवा,’ ती म्हणाली. ‘डाव्या हातानं.’